करणारे हे, तपासणारी मी

आमच्या ह्यांची अख्खी नोकरी सह्या करण्यात गेली. न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात हे होते. तिथला दंडक असा, की काम एकाने करायचं आणि ते झालं का हे दुसऱ्याने बघायचं. प्रत्येक कागदावर दोन रकाने, ‘करणारा’ आणि ‘तपासणारा’. दोन्ही सह्या झाल्याशिवाय गोळी बाटलीत पडत नाही. हे तपासणाऱ्यांतले. निवृत्त झाल्यावर पहिले काही दिवस ह्यांनी कचऱ्याची गाडी किती वाजता येते ते लिहून काढलं. मग मोर्चा स्वयंपाकघराकडे वळला. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांवर चिठ्ठ्या आल्या : उघडल्याची तारीख, संपण्याची तारीख. “अहो, मोहरीची मुदत संपत नाही, मोहरी फक्त सांडते,” असं मी म्हटलं, तर म्हणाले, “लेखी आहे का कुठे?”

म्हणून ह्यांनी ट्रेलर घ्यायचं काढलं तेव्हा मी वरवर कुरकुर केली, पण आतून सुटले म्हटलं. माणसाला तपासायला काहीतरी हवंच होतं. ते घराबाहेर असलेलं बरं.

ट्रेलर म्हणजे मालाचा नव्हे, राहायचा. त्याला चाकं असतात, इंजिन नसतं. पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर सगळं असतं, फक्त स्वतःहून कुठे जायची सोय नसते. तो पिकअप ट्रकच्या मागे अडकवायचा आणि ओढत न्यायचा. अमेरिकेतली असली बहुतेक घरं इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावाच्या आसपास तयार होतात. आमचंही तिथलंच, २३ फुटी. झोपायची जागा ते शेगडी हे अंतर चार पावलांचं, हे विक्रेत्याने मोठ्या अभिमानाने चालून दाखवलं. म्हणजे स्वयंपाकघर पुन्हा ह्यांच्या हद्दीत आलं.

आणि ट्रक. ह्यांनी जन्मभर कॅमरी चालवली. आता एडिसनच्या ओक ट्री रोडवर आम्ही वाणसामानाला गेलो की ओळखीची माणसं आधी ट्रककडे बघतात, मग दार उघडून बसलेल्या ह्यांच्याकडे, आणि मग ह्यांचे पाय आणि जमीन यांच्यात उरलेल्या अंतराकडे.

लेक कॅलिफोर्नियात असते. तिच्याकडे जायचं म्हणजे अमेरिका आडवी कापायची. “विमानाने सहा तासांत पोचतो,” हे मी सांगून पाहिलं.

“विमानात आपण काय करतो?”

“बसतो.”

“तेच म्हणतो मी.”

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण बसणं हा ह्यांच्या दृष्टीने आजार आहे.

मोकळा रस्ता, वाट्टेल तिथे मुक्काम, हे सगळं ट्रेलरच्या जाहिरातीत असतं. प्रत्यक्षात ट्रेलर हलवण्याआधी जे करावं लागतं त्याला ह्यांच्या भाषेत ‘प्रक्रिया’ म्हणतात. ट्रकच्या मागे एक पोलादी गोळा असतो, आमचा २ ५/१६ इंचाचा. त्यावर ट्रेलरची वाटी बरोब्बर बसवायची. मग खिटी, मग दोन साखळ्या, त्याही एकमेकींवरून फुलीसारख्या. मग सात पिनांचा विजेचा प्लग. मग एक बारीक तार, की चुकून सगळं सुटलंच तर ती ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. पुढचा जॅक वर, चाकांखालच्या पाचरी बाहेर, पाण्याची नळी गुंडाळलेली, गॅसची तोटी बंद, फ्रिजचं दार अडकवलेलं. तीन पानी यादी, प्लास्टिकच्या पाकिटात. ‘करणारा’च्या रकान्यात ह्यांचं नाव छापलेलं. ‘तपासणारा’च्या रकान्यात माझं. मला विचारलं नव्हतं. चाळीत, वाड्यात, फ्लॅटमध्ये, कुठेही संसार केला असता तरी हे पद माझ्याकडे कधी आलं नसतं. मी हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झालेली बाई, लोकांचं रक्त तपासलेलं. पण साखळीची फुली तपासायला मला वाकावं लागतं, आणि वाकलं की माझी कंबर अहवाल देते.

यादीत काही कलमं निव्वळ पूर्वजन्मीच्या हौशीपोटी होती. बाल्टिमोरच्या बंदराखालून जाणाऱ्या बोगद्यांतून आमच्यासारखी गॅसची मोठी सिलिंडरं न्यायला बंदी आहे. आमची वाट आधी पश्चिमेला पेनसिल्व्हेनियातून आणि मग दक्षिणेला व्हर्जिनियातून, बाल्टिमोर वाटेत येतच नाही. तरी कलम होतं : ‘बाल्टिमोरला जाऊ नये.’ त्याच्यापुढे माझी सही. ह्या एका कलमाचं पालन आम्ही संपूर्ण प्रवासात चोख केलं.

खरी परीक्षा वजनाची. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण दहा ते पंधरा टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे त्या पोलादी गोळ्यावर, पडला पाहिजे. त्याहून कमी पडला, म्हणजे मागची बाजू जड झाली, तर हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि मग शेपूट गाडीला हलवतं. हे कळल्यावर माझं वाणसामान एक्सेलमध्ये गेलं. तांदूळ ॲक्सलच्या वर. डाळी किंचित पुढे. तेल पुढे, पण गॅसपासून लांब. आणि खलबत्त्यापुढे प्रश्नचिन्ह. हा खलबत्ता माझ्या आईने सांगलीहून दिलेला, ओतीव लोखंडाचा, आणि तो नसेल तर मी कुठेही जात नाही, कारण मिक्सरमधल्या लसणीच्या चटणीला चटणी म्हणायला मी तयार नाही.

त्याच सुमारास लेकीने आम्हाला १९५४ सालचा एक सिनेमा बघायला सांगितला, ‘द लाँग, लाँग ट्रेलर’. ल्युसिल बॉल आणि देसी अर्नाझ ह्या जोडप्याचा. त्यात नवपरिणीत बायको वाटेतले दगड आठवण म्हणून गोळा करत जाते, नवरा ते टाकून द्यायला सांगतो, ती लपवून ठेवते आणि डोंगरातल्या चढावर ते सगळे दगड ट्रेलरभर गडगडतात. सिनेमा विनोदी आहे. ह्यांनी तो प्रशिक्षणपट म्हणून पाहिला. दोनदा थांबवून टिपणं काढली आणि संपल्यावर खलबत्त्याकडे बघितलं.

पेनसिल्व्हेनियात कार्लाइलजवळ ट्रकवाल्यांच्या थांब्यावर मोठा वजनकाटा आहे. काट्याच्या वेगवेगळ्या पाट्या असतात, एकीवर ट्रकची पुढची चाकं, दुसरीवर मागची, तिसरीवर ट्रेलर. खांबावरचं बटण दाबलं की आतली बाई विचारते, पहिलं वजन की फेरवजन? हे म्हणाले, पहिलं. चिठ्ठी आली. ह्यांनी ती वाचली, वहीत आकडे घातले, आणि मला म्हणाले, “आता तू जरा खाली उतर.”

“का?”

“तुझ्याशिवाय किती भरतं ते बघू.”

आमच्या मागे अठराचाकी ट्रकांची रांग. मी कठड्याशी उभी राहिले, हे गोल चक्कर मारून पुन्हा काट्यावर आले आणि दोन चिठ्ठ्यांतली वजाबाकी एका शांत, समाधानी चेहऱ्याने करू लागले. मागच्या ट्रकने भोंगा दिला. त्या भोंग्याने माझं अर्धा किलो तरी जागच्या जागी कमी झालं असेल, पण ते ह्यांच्या वजाबाकीत आलं नाही. निष्कर्ष असा, की बाकी सगळं प्रमाणात आहे, खलबत्ता तेवढा ट्रेलरमध्ये नको. तेव्हा तो ट्रकमध्ये माझ्या पायाशी आला. कॅलिफोर्नियापर्यंत मी खलबत्त्यावर पाय ठेवून गेले.

पेट्रोलचा प्रसंग तेवढा सांगते आणि पुढे जाते. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्यानेच बंदी आहे, १९४९पासून. माणूस येतो, भरतो, आपण काचेतून कार्ड देतो. त्यामुळे आमच्या ओळखीत पीएचडी झालेल्या, घरं बांधलेल्या, मुलांना डॉक्टर केलेल्या कितीतरी बायका आहेत ज्यांनी पंपाची नळी हातात धरलेली नाही. डेलावेअर नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात शिरलं की ही चैन संपते. पहिल्याच पंपावर हे नळी घेऊन उभे, मी पडद्यावरच्या सूचना मोठ्याने वाचतेय, आणि शेजारच्या पंपावर एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एका हाताने पेट्रोल भरतोय नि दुसऱ्या हाताने बर्गर खातोय. ट्रेलर ओढताना आमचा ट्रक गॅलनला दहा मैल देतो, त्यामुळे पुढे सरावाची उणीव राहिली नाही.

पहिला मुक्काम व्हर्जिनियात, शेनंडोआ खोऱ्यात. आणि तिथे ट्रेलर मागे घ्यायचा होता.

ज्यांनी हे केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगायला हवं. ट्रेलर मागे घेताना तो उजवीकडे वळायला हवा असेल तर स्टिअरिंग डावीकडे फिरवावं लागतं. डावीकडे हवा असेल तर उजवीकडे. ह्यांना ते सूत्र तोंडपाठ होतं, आकृतीसकट. मला सूत्र नवीन नव्हतं. लग्न झाल्यापासून ह्यांना कुठे न्यायचं असलं की मी दुसरीकडचं नाव घेत आले आहे. पण ठरलं असं, की हे गाडीत बसणार आणि मी मागे उभी राहून सांगणार.

कॅम्पग्राउंडवर संध्याकाळी करमणुकीला दुसरं काही नसतं. एखादा ट्रेलर मागे येऊ लागला की आजूबाजूची निवृत्त मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन बाहेर बसतात. कोणी हसत नाही, सगळे सभ्य. फक्त खुर्च्यांची तोंडं तुमच्याकडे असतात.

“जरा इकडे घ्या,” मी म्हटलं.

“इकडे म्हणजे कुठे?”

“माझ्या इकडे!”

“तू आरशात दिसत नाहीयेस!”

मी आरशात दिसावं म्हणून डावीकडे गेले, तर हेही डावीकडे आले, म्हणजे मागून उजवीकडे गेले आणि विजेच्या खांबापाशी थांबले. ह्यांनी खाली उतरून ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘जरासं’, ‘अजून थोडं’ आणि ‘अहो’ हे शब्द प्रवासापुरते बाद केले. त्यांच्या जागी ‘चालकाची बाजू’, ‘प्रवाशाची बाजू’ आणि अंतर फुटांत. दुसरा प्रयत्न. मी फूट सांगते आहे, हे आरशात बघताहेत, ट्रक आणि ट्रेलर यांचा काटकोन झाला. खुर्च्या किंचित पुढे सरकल्या.

शेवटी एक वयस्कर बाई उठून माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “तूच का नाही बसत?”

मी बसले. त्या बाईंनी एकच गोष्ट सांगितली, हात स्टिअरिंगच्या वर नको, तळाशी ठेव. मग हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलरचं बूड जातं. सूत्र नको, आकृती नको. जर्सी सिटीत आम्ही भाड्याने राहत होतो तेव्हा हॉस्पिटलजवळच्या गल्लीत दोन गाड्यांच्या मधल्या फटीत गाडी घालण्यात माझी तरुण वर्षं गेली आहेत. हात तळाशी ठेवला, आरशात बघितलं, आणि एकदा पुढे घेऊन दुसऱ्या खेपेला ट्रेलर जागेवर बसवला. टाळ्या पडल्या, बायकांच्या जास्त. हे मागे टॉर्च घेऊन उभे होते. पाणसळ लावून बघितली, चाकांत आणि खुणेत किती अंतर आहे ते बघितलं आणि म्हणाले, “चार इंच चालकाच्या बाजूला आहे. पण चालेल.” त्या रात्री यादीच्या तिसऱ्या पानावर, ‘मागे घेणे’ ह्या कलमापुढे, ह्यांनी छापील नावं पेनने खोडली आणि वरखाली केली. खोडाखोडीवर तारखेसह सही, कारण तसा नियम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे केले. ट्रेलरमध्ये धुराचा अलार्म शेगडीपासून हाताच्या अंतरावर असतो, कारण सगळंच हाताच्या अंतरावर असतं. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरची पडली आणि अलार्म असा किंचाळला की हे अर्धी दाढी झालेल्या तोंडाने बाहेर धावले. संध्याकाळपर्यंत ‘विचलन अहवाल’ तयार. मूळ कारण : फोडणी. सुचवलेली सुधारणा : फोडणीविना पोहे. तपासणारीने हा अहवाल फेटाळला. मधला मार्ग असा निघाला, की फोडणी बाहेर, टेबलावरच्या सुट्या शेगडीवर. तेव्हापासून आम्ही जिथे जिथे उतरलो तिथे तिथे पन्नास फुटांपर्यंत हिंग पोचला.

सांडपाण्याबद्दल लिहावं की नाही हा विचार मी बराच केला, पण ट्रेलरवर लिहून त्याबद्दल न लिहिणं म्हणजे लबाडी. पोटात दोन टाक्या असतात. काळी टाकी संडासाची, करडी टाकी मोरीची आणि भांड्यांची. ठरलेल्या जागी जाड नळी लावून त्या ओतून द्यायच्या. आधी काळी, मग करडी, म्हणजे साबणाचं पाणी मागून येऊन नळी धुतली जाते. ह्या कामासाठी हे कोपरापर्यंत मोजे, गॉगल आणि कंपनीतून निरोपाला मिळालेला पांढरा कोट घालतात. ज्या माणसाने उभ्या जन्मात घरातलं न्हाणीघर घासलं नाही, तो नळीच्या मधल्या पारदर्शक तुकड्याकडे टक लावून “आता स्वच्छ येतंय, आता स्वच्छ येतंय,” असं म्हणत उभा असतो. सासूबाई असत्या तर त्यांनी माझ्याकडेच बघितलं असतं. मी पंधरा फुटांवरून बघते आणि तिथूनच सही करते.

टेनेसी हे राज्य इतकं आडवं आहे की त्याच्या मध्येच घड्याळ एक तास मागे जातं. पुढे न्यू मेक्सिकोत आणखी एक. ॲरिझोना उन्हाळी वेळ मानतच नाही, पण त्याच राज्याच्या ईशान्येला पसरलेलं नाव्हाहो राष्ट्र मानतं, त्यामुळे तिथे एका तासाचा कोणीच भरवसा देत नाही. ट्रकचं घड्याळ एक, फोनचं दुसरं. ह्यांनी ठरवलं, की गोळ्या न्यू जर्सीच्या वेळेनेच घ्यायच्या, कारण शरीर अजून तिथे आहे. माझी थायरॉइडची गोळी सकाळी सातची. ॲरिझोनात मला पहाटे चार वाजता उठवून ती देण्यात आली. पाण्याचा पेला, गोळी, टॉर्च, वही. मी झोपेत सही केली. ती माझ्या माहेरच्या नावाची निघाली.

आर्कान्सामध्ये पाऊस लागला. वायपर चालू, ट्रेलर मागे जड, ताशी ५५ मैल, आणि उजव्या हाताला एकामागून एक मोटेलं. ह्या हायवेवरच्या कितीतरी मोटेलांत काउंटरमागे पटेल आडनावाची माणसं असतात, हे अमेरिकेत सगळ्यांना माहीत आहे. कोरडी खोली, कोणीतरी दुसऱ्याने घातलेली चादर, आणि संडासाचं पाणी कुठे जातं ह्याची आपल्याला काळजी नाही. आपल्याच देशबांधवांनी ह्या देशात खोल्या भाड्याने देऊन पैसा केला, आणि आम्ही खोली विकत घेऊन ती ओढत चाललो होतो. ट्रक, ट्रेलर, विमा, दहा मैलांचा गॅलन, कॅम्पग्राउंडचं रात्रीचं भाडं, सगळं धरून त्या पैशांत पटेलांकडे किती रात्री झोपता आलं असतं, हा हिशेब मी मनात केला. ह्यांच्या एक्सेलमध्ये तो रकाना नव्हता.

ओक्लाहोमात आम्हाला मिनेसोटावाले भेटले. आमच्याच वयाचं जोडपं, आमच्याहून सात फूट लांब ट्रेलर. थंडीतल्या प्रदेशातली निवृत्त माणसं हिवाळ्यापुरती दक्षिणेला उतरतात, तसे ते ॲरिझोनातल्या क्वार्ट्‌झसाइटला निघाले होते. तिथल्या वाळवंटात सरकारी जमिनीवर असे हजारो ट्रेलर येऊन वस्ती करतात, आणि वसंतात वस्ती उठते. ती बाई हिंगाच्या वासाने आली. “काय जळतंय?” असं विचारायचं होतं तिला, पण सभ्यपणे म्हणाली, “काहीतरी इंटरेस्टिंग चाललंय.” मी तिला पोहे दिले, वर शेव. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा वाडगा घेऊन आली. पुरुष पुरुषांत मिसळले. त्यांचं बोलणं टायरमधल्या हवेपासून सुरू झालं आणि मला वाटतं तिथेच संपलं.

टेक्सासमध्ये अमरिलोला वारा इतका, की एक दिवस कोणी हललंच नाही. तिथल्या एका प्रसिद्ध हॉटेलात ७२ औंसांचं, म्हणजे दोन किलोंचं, स्टेक सगळ्या जोडपदार्थांसह तासाभरात संपवलं तर फुकट मिळतं. आम्ही भाजलेला बटाटा घेतला आणि पूर्ण पैसे दिले. गावाबाहेर शेतात दहा कॅडिलॅक गाड्या तोंडाकडून जमिनीत पुरून ठेवल्या आहेत, १९७४ सालापासून, कलाकृती म्हणून. येणारे-जाणारे त्यांवर रंगाचे फवारे मारतात. लोक कला बघत होते. ह्यांनी दहाही गाड्यांना फेरी मारली आणि म्हणाले, “एकाही चाकाला पाचर नाही.”

अमेरिकेत वयाच्या ६२व्या वर्षी नागरिकाला राष्ट्रीय उद्यानांचा ज्येष्ठांचा पास मिळतो. ८० डॉलर, आयुष्यभरासाठी. आत शिरायला पैसे नाहीत, अनेक ठिकाणी कॅम्पिंग निम्म्या दरात. हा पास ह्यांना इतका आवडतो की नसलेल्या फाटकावरही ते तो काढून हातात धरतात. जितकं जास्त जगाल तितका तो स्वस्त पडतो. गोळ्यांच्या वेळा इतक्या काटेकोर का, हे मला तेव्हा उमगलं.

ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टला तो पास वसूल झाला. हायवेच्या कडेलाच ते उद्यान आहे. वीस कोटी वर्षांपूर्वीची झाडं पडली, गाळात गाडली गेली, आणि लाकडाच्या कणाकणाची जागा गारगोटीने घेतली. ओंडके आहेत, साल आहे, पण आत जांभळा, केशरी, दह्यासारखा पांढरा दगड. उन्हात बघितलं तर ओले वाटतात, हात लावला तर गार आणि काचेसारखे गुळगुळीत. हाताच्या बोटाएवढे तुकडे तर पायाखाली पडलेले. उचलायला सक्त मनाई. तरी लोक उचलतात, आणि मग काही वर्षांनी कोणाचं लग्न मोडतं, कोणाची नोकरी जाते, तेव्हा तो दगड पोस्टाने परत पाठवतात, माफीच्या पत्रासह. आलेले दगड पुन्हा उद्यानात पसरता येत नाहीत, कारण कोणता कुठला हे कळत नाही, आणि संशोधनाचा घोळ होतो. त्यांचा वेगळा ढीग आहे. माणसाच्या पापभीरूपणाचा इतका देखणा ढीग मी दुसरा ऐकलेला नाही. हे मात्र फार खुशीत होते. बायकोने दगड गोळा करू नयेत म्हणून केंद्र सरकारने कायदा केलेला त्यांनी प्रथमच पाहिला.

आणि मग लिंबांचा प्रश्न आला.

कॅलिफोर्निया हे राज्य स्वतःला शेतकरी समजतं आणि ते खरंही आहे. बाहेरून कीड येऊ नये म्हणून राज्यात शिरणाऱ्या रस्त्यांवर नाकी आहेत, एकूण १६. फळं, रोपं, जळाऊ लाकूड, सगळं विचारतात. निघण्यापूर्वी मैत्रिणीने लेकीसाठी कढीपत्त्याचं रोप दिलं होतं, हातभर उंचीचं, छान भरलेलं. ह्यांनी रात्रभर वाचून काढलं. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. त्याच्यावर एक बारीक किडा बसतो, तो संत्र्या-लिंबांच्या बागा मारणारा रोग पसरवतो, म्हणून त्या रोपाच्या प्रवासावर निर्बंध. रोप एडिसनलाच राहिलं, शेजारणीकडे, पाणी घालण्याच्या प्रक्रियेसह. तिथे दोन सह्या कोण करतंय देव जाणे.

पण लिंबं नंतर आली. ओक्लाहोमात एका घाऊक दुकानात जाळीभर लिंबं स्वस्त दिसली म्हणून ह्यांनीच घेतली होती, आणि ॲक्सलच्या वर ठेवली होती. आता ती नाक्यावर काढून घेतील. लिंबं द्यायला माझी हरकत नव्हती. ह्यांची होती. “पैसे दिलेत,” म्हणाले.

शेवटची रात्र किंगमनला. तिथवर आमच्या सोबतीने आलेले मिनेसोटावाले तिथून दक्षिणेला वळणार होते. आम्ही दोघी बायका टेबलाच्या दोन बाजूंना बसलो आणि लिंबं संपवायला घेतली. मी चिरून पिळत होते, ती बिया काढत होती. तिने ‘लेमन बार’ नावाची वडी केली, खाली बिस्किटासारखा थर आणि वर आंबटगोड. मी सरबत केलं, लिंबूभात केला, आणि उरलेल्या फोडींचं मीठ, तिखट, साखर घालून तात्पुरतं लोणचं. हाताला कापलेलं होतं तिथे रस झोंबत होता. मिनेसोटावाल्याने लोणच्याची फोड पूर्ण तोंडात टाकली, काही वेळ टायरबद्दल काहीही बोलला नाही, आणि मग पाणी मागितलं. निघताना तिने माझ्याकडून हिंगाची डबी मागून घेतली. तिच्या ट्रेलरमधला अलार्म कुठे आहे हे मी विचारलं नाही.

सकाळी नीडल्सचं नाकं. ह्यांनी आदल्या रात्री ट्रेलरमधल्या प्रत्येक वस्तूची यादी तयार केली होती, कपाटवार, वजनासह, दोन सह्यांची. खिडकीशी एक तरुण पोरगा आला. “कुठून आलात? फळं, रोपं, जळाऊ लाकूड?”

“नाही,” असं म्हणून हे यादी त्याच्या हातात देऊ लागले. मी पलीकडून पुस्ती जोडली, की मेतकूट आहे, गोडा मसाला आहे, सुकं खोबरं आहे, आणि लोणचं आहे पण ते शिजव... म्हणजे मुरवलेलं आहे. त्याची नजर माझ्या पायाशी गेली.

“ते काय आहे?”

“खलबत्ता,” मी म्हटलं. “लसणीसाठी.”

तो क्षणभर खलबत्त्याकडे बघत राहिला. मग मागच्या रांगेकडे बघितलं आणि हाताने म्हणाला, जा.

पुढे बराच वेळ हे गप्प होते. मोहावे वाळवंट दोन्ही बाजूंनी सरकत होतं, कॅलिफोर्नियात ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांचीच मुभा, म्हणजे खरं तर हे ह्यांच्यासाठी घडवलेलं राज्य. पण चेहरा पडलेला. शेवटी न राहवून म्हणाले, “यादी हातातसुद्धा घेतली नाही. ट्रेलरचं दार उघडून बघितलं नाही. ह्याला तपासणी म्हणतात?”

लेकीच्या दारात पोचलो तर ट्रेलर तिच्या दारात लावता येईना. वसाहतीच्या नियमांत घरासमोर ट्रेलर ठेवायला मनाई आहे, घरमालक संघटनेचं तसं पत्र येतं. इतका देश ओलांडून आणलेलं घर अर्ध्या तासावरच्या ट्रेलर पार्कात ठेवावं लागलं. पाहुण्यांची खोली आमच्यासाठी सजवलेली, पण हे दोन रात्री तळमळले. टाकीची तोटी बंद आहे का, फ्रिज चालू राहिलाय का. तिसऱ्या रात्री आम्ही आपले ट्रेलरमध्ये झोपायला गेलो. शनिवारी लेक, जावई, नातू आम्हाला भेटायला आले, हातात फुलं घेऊन, अगदी पाहुण्यांसारखे.

हे नातवाला पांढऱ्या कोटात टाक्या दाखवत होते तेव्हा लेक माझ्याजवळ आली. “आई, खरं सांग, दमलीस ना? असं करू या, परत जाताना तू विमानाने जा. मी तिकीट काढते. बाबा येतील ट्रेलर घेऊन सावकाश.”

“छे गं,” मी म्हटलं. “मागे कोण घेणार?”